पहिले दोन शब्द

आईचा शेवटचा दिवस कुठल्याही दिवसासारखा होता. ऑफिसातली वीज गेली म्हणून मी दुपारीच घरी आले, चपला काढून पाय न वाजवता आत शिरले, कारण आतल्या खोलीचं दार लोटलेलं होतं आणि दार लोटलेलं असलं की आई माझ्या मुलाला झोप देत असे. 'झोप देणं' हा तिचा शब्द. बाटली द्यावी, औषध द्यावं, तशी ती त्याला झोप द्यायची. थोपटायची नाही, गायची नाही, मांडी हलवायची नाही. गादीशेजारी जमिनीवर बसायची आणि बोलायची. बोलायची म्हणजे तरी काय, तिच्या त्या बोलण्यात आवाज नसायचाच, नुसते शब्द असायचे. उभा जन्म तिनं नाटकांच्या विंगेत बसून प्रॉम्प्टिंग केलं होतं. नट वाक्य विसरला की ते त्याच्या कानात पडावं आणि पहिल्या रांगेतल्या माणसाला पत्ताही लागू नये, असं बोलणं तिनं कमावलं होतं. ते आता माझ्या दहा महिन्यांच्या मुलाच्या वाट्याला आलं होतं. मी स्वयंपाकघरात पाणी पीत उभी राहिले. दाराआडून तुटक तुटक ऐकू येत होतं. 'दिवा असाच राहू दे, कारण...' आणि मग काही नाही. बऱ्याच वेळानं, 'मी येणारच होते, पण...' आणि पुन्हा काही नाही. मधलं सगळं दार गिळतं, असं मी धरून चालले होते. एखाद्या जुन्या नाटकाचा आख्खा अंक ती त्याला ऐकवत असणार आणि त्यातला एखादा तुकडाच माझ्यापर्यंत पोचत असणार. घरून काम करायच्या दिवशीही मी तेच ऐकत आले होते आणि तेच समजत आले होते.

ती बाहेर आली आणि म्हणाली, "मालक निजले." माझ्या मुलाला ती मालक म्हणायची. नाटक कंपनीत मालकाची झोप झाली आहे की नाही यावर सगळ्यांचा दिवस ठरतो, इथंही तेच आहे, असं तिचं म्हणणं. आम्ही चहा घेतला. तिनं माझ्या हातातलं पुस्तक उलटंपालटं करून पाहिलं, मागचा मजकूर वाचला आणि "शेवट सांगून टाकलाय की मेल्यांनी," म्हणून परत दिलं. ठरल्या वेळी जाऊन तिनं त्याला उठवलं. दुपारी लाड केले तर रात्री भोगावं लागतं, म्हणायची, आणि झोपलेल्या मुलाला उठवायचं धैर्य आमच्या घरात तिच्या एकटीकडे होतं. उन्हं कलल्यावर ती निघाली. दाराशी स्टुलावर बसून चपलेचा बंद लावताना म्हणाली, "घरी जाऊन तरी..." आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. मुलगा माझ्या कडेवर होता, त्यानं माझं कानातलं मुठीत धरलं होतं, मी ते सोडवत होते. मी म्हटलं, "पोचलीस की फोन कर गं." ती जराशी थांबली. मग "हो," म्हणाली, उठली, लिफ्ट आली, ती गेली. फोनही केला. "पोचले. मालक?" "झोपले." "बघ," ती म्हणाली. ते बघ मला अजून कानात आहे. इतकं साधं, जिंकल्यासारखं बघ.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. झोपेतच गेली होती. जो तो हेच म्हणाला, झोपेत गेल्या, किती नशीबवान. तिची शेजारीण म्हणाली, नवऱ्याची मावशी म्हणाली, ऑफिसातले साहेब म्हणाले. मी मान हलवली. मला रडू आलं नाही, किंवा आलं ते मला नको त्या ठिकाणी आलं, बँकेच्या लिफ्टमध्ये, भांड्यांचा साबण संपल्यावर. पण त्या वाक्यातला एक शब्द निघून गेला नाही. झोपेत. तो पाहुण्यासारखा आला आणि घरात राहिला. मुलाच्या पापण्या जड व्हायला लागल्या की तो शब्द माझ्या मानेमागे येऊन उभा राही. मी मुलाच्या नाकाखाली बोट धरी. ऊब लागली की बोट काढून घेई, आणि लगेच वाटे की काढलं ते जरा लवकरच.

आई गेल्यावर घेतलेली रजा संपली आणि मुलाला पाळणाघरात घातलं. पाळणाघर एका इमारतीच्या तळमजल्यावर होतं. पूर्वी तिथं फरश्यांचं दुकान होतं, त्यामुळे एकेका खोलीत सात-आठ तऱ्हेच्या फरश्या होत्या आणि रांगणारी मुलं एका रंगावरून दुसऱ्या रंगावर जाताना क्षणभर थबकायची. झोपेची खोली मागच्या बाजूला. गाद्यांच्या दोन ओळी, निळे पडदे, भिंतीवर लावलेला पंखा, कोपऱ्यात गाण्यांचं यंत्र. जेवणं झाली की सगळ्या मुलांना एकदमच आडवं करायचे, आणि आश्चर्य म्हणजे ती व्हायचीही. पंधरा-वीस मुलं अशी एका वेळी निपचित पडलेली मी पहिल्या दिवशी काचेतून पाहिली आणि माझा हात काचेवर आपटला. मागून ताई म्हणाल्या, "मॅडम, हळू." ताई म्हणजे पाळणाघर चालवणारी बाई, उंच, रुंद, हसली की खोलीतली खेळणी हलतील अशी. पण झोपेच्या खोलीत शिरताना तिचं ते मोठं अंग कसं कोण जाणे हलकं होई.

"तुमचा हिरो झोपत नाही हो," पहिल्याच आठवड्यात त्या म्हणाल्या.

"रडतो का?"

"रडला असता तर परवडलं असतं. नुसता बघत बसतो. माझ्या तोंडाकडे. मी गाणं म्हणते तर असा बघतो, जशी माझी तोंडी परीक्षाच घेतोय. काल मी दुसरं कडवं आधी म्हटलं, तर देवाशपथ, मलाच ओशाळल्यासारखं झालं. घरी कोण झोपवतं?"

"माझी आई झोपवायची."

"मग त्यांनाच विचारा की, काय करतात ते. आज्यांकडे एकेक युक्त्या असतात."

"हो," मी म्हणाले. "विचारते."

बाहेर रस्त्यावर येऊन मी बाबागाडीचा पट्टा लावला, परत काढला, परत लावला. विचारते. किती सहज आलं तोंडून. आणि त्यात खोटं तरी काय होतं, मी विचारतच तर होते. सकाळी दूध गरम करताना, शाळेच्या पुस्तकांची मुद्रितं तपासताना. माझं काम तेच आहे, मुलांच्या पुस्तकांत एकही वाक्य अर्धवट राहू नये हे बघणं. कर्ता आहे, क्रियापद आहे, शेवटी पूर्णविराम आहे. फक्त 'रिकाम्या जागा भरा' एवढ्या प्रश्नापुरतं मी वाक्याला उघडं सोडते, आणि तिथंही जागा पुरेशी आहे ना ते मोजून बघते. समोरच्या कागदावर बेडूक तळ्याकाठी कशाला बसला याची चार वाक्यं असत आणि मी आईला विचारत असे, काय करायचीस गं तू? मला तिचा रंगमंच माहीत होता. मी लहानपणी विंगेत तिच्या पायाशी, गुंडाळलेल्या सतरंजीवर बसून वाढले. तिच्या मांडीवर संहिता असे, एका हातात लाल कापड बांधलेली बॅटरी, पण ती क्वचितच खाली बघे. तिची नजर नटाच्या बरगड्यांवर. "विसरलाय की विचार करतोय हे श्वासावरून कळतं," असं तिनं मला सांगितलं होतं. "विचार करत असला तर गप्प राहायचं. विसरला असला तरी आधी थांबायचं. आणि मग पहिले दोन शब्द, बस. तिसरा दिलास की तो वळून तुझ्याकडे बघणार, आणि मग नाटक कुठलं." एकदा एक मोठा नट मधेच थांबला. सगळं नाट्यगृह थांबलं. मी तिचा गुडघा हलवला. तिनं मला चापट मारली आणि वाट बघत बसली. किती वेळ, मला शाळकरी पोरीला तो तास वाटला. मग तो आपणहून बोलला आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. घरी येताना ती एवढंच म्हणाली, "बघितलंस? त्याचं त्याला सापडलं."

माझ्याशीही ती तशीच वागली. ओरडली नाही, खोदून विचारलं नाही. थांबायची. अगदीच अडलं तर दोन शब्द. मी चोविसाव्या वर्षी आठवडाभर घरात भुतासारखी फिरत होते, तेव्हा ती शेंगा सोलता सोलता म्हणाली, "मला एक माणूस..." आणि शेंग सोलत राहिली. मी म्हटलं, "आवडतो." "काय करतो?" "औषधांचं दुकान आहे." "चला," ती म्हणाली, "म्हातारपणाची सोय झाली."

तो औषधवाला आता रात्री दुकान बंद करून घरी येई तेव्हा मुलगा टक्क जागा असे. दिवसाचं गणित असं बिघडलं होतं: पाळणाघरात तो झोपायचा नाही, तिथून निघालं की बाबागाडीत, किल्लीवाल्याचं दुकान मागं पडेपर्यंत त्याची मान कलायची. ती झोप नको त्या वेळची, ती होऊ दिली तर रात्र गेली, आणि मोडली तर संध्याकाळ गेली. मी पडदे जाड केले. आंघोळ संध्याकाळी घालून बघितली. रात्रीचं झोपवणं अर्धा तास अलीकडे ओढलं, कारण फार दमलेलं मूल झोपत नाही, पेटतं, असं ताई म्हणत. दिवे मंद केले. आईची जुनी शाल गादीखाली घातली, तिला अजून तिच्या डब्यातल्या कापराचा वास होता, आणि तो वास पहिल्यांदा मलाच आला नि मी उठून बाहेर गेले. "मी आख्ख्या वस्तीला औषधं देतो," नवरा जमिनीवर आडवा होऊन म्हणाला, मुलगा त्याच्या पोटावर बसून त्याची पेनं काढत होता, "आणि या साहेबांच्या मापाचं माझ्याकडे काही नाही. याला रात्रपाळीला दुकानात बसवू का? गिऱ्हाईकाकडे बघेल नुसतं, लोक दोन गोळ्या जास्त घेतील." मी हसले. मग त्यानं हळूच विचारलं, "तू बोलतेस ना त्याच्याशी, आईंसारखं?" बोलते, मी म्हटलं. बोलतच होते. मला जे जे पाठ होतं ते सगळं मी त्याला त्या आवाज नसलेल्या आवाजात म्हणून दाखवलं होतं, मला तो थोडाफार येतो. कविता, आईच्या नाटकांतले आख्खे प्रवेश, काहीच उरलं नाही तेव्हा तळ्याकाठचा बेडूक. एकही वाक्य अर्धं टाकलं नाही. तो ऐके. रात्रीच्या दिव्यात त्याचे डोळे माझ्या ओठांवर असत आणि वाक्य संपलं की त्याची हनुवटी जरा वर होई, पुढे? मग मी पुढचं म्हणे.

आणि मला हेही कळत होतं, कळत होतं असं आज म्हणते, की त्याच्या पापण्या खाली यायला लागल्या की माझं बोलणं जरा जोरात होई. त्याचा चेहरा ओळख सोडायला लागे, तोंड किंचित उघडं पडे, मूठ सैल होई, आणि तो पाहुणा शब्द मानेमागे येई. मग मी एखादं फारच सुंदर वाक्य काढी आणि तो परत वर येई, माझ्याकडे. दोघंही जागे. दोघंही शाबूत.

ताईंनी तिसऱ्यांदा विचारलं, तेव्हा त्या दारात एका हातात दुसऱ्याच कुणाचा तरी बूट घेऊन उभ्या होत्या. "विचारलंत का आईंना?"

"नाही जमलं."

"अहो, फोन लावा की. आत्ता लावा, मीच बोलते त्यांच्याशी. बाईबाईत दोन मिनिटांचं काम."

"आई वारली माझी," मी म्हणाले. "याला इथं घालायच्या आधीच."

ताईंनी बूट खाली ठेवला. मग उचलला. मग माझा दंड धरला आणि त्यांच्या तोंडून मॅडम गळून पडलं. "मग मला आधी नाही का सांगायचंस, बाई! मी आपली रोज... विचारा, विचारा..." त्यांचे डोळे भरले. मला त्यांचीच समजूत घालावी लागली. आतून कुणीतरी पडल्याचा आवाज आला, त्यांनी मागे न बघताच "ऊठ, काही झालं नाही," म्हटलं, आणि खरंच कुणी रडलं नाही. "ऐक," त्या म्हणाल्या. "हा आठवडा बघू. नाहीच झोपला तर काही दिवस दुपारी घेऊन जा त्याला. मी ठेवून घेईन गं, मला काय, पण झोपेवाचून आख्खा दिवस म्हणजे लेकराचे हाल. तिसऱ्या प्रहरी तो भिंतीला डोकं टेकवून उभा राहतो. मला बघवत नाही." दुपारी न्यायचं म्हणजे माझी नोकरी गेल्यात जमा. पण रस्त्यानं मी नोकरीचा विचार करत नव्हते. भिंतीला डोकं टेकवून उभा असलेला माझा मुलगा मला दिसत होता, एवढासा, कामावरून दमून आलेल्या माणसासारखा. त्याला तिथं उभं करणारी मी होते. त्याला झोप येत होती आणि मी ती त्याला देत नव्हते.

त्या संध्याकाळी किल्लीवाल्याच्या दुकानापाशी त्याची मान कलली आणि मी त्याला उठवून बसवलं, सायकली दाखवल्या, कुत्रा दाखवला, धोब्याच्या दुकानातली इस्त्रीची वाफ दाखवली, कसंबसं घरापर्यंत आणलं. बाहेर अजून उजेड होता. आंघोळ, दूध, पडदे. त्याला गादीवर ठेवलं आणि आई बसायची तिथं जमिनीवर बसले, पाठ कपाटाला. कपाटाच्या त्या जागी रंग जरा घासला गेला आहे, तिच्या पाठीनं. मी सुरू केलं. तिच्या आवडत्या नाटकातला शेवटचा प्रवेश, घर सोडून निघालेली बाई दाराशी उभी राहून बोलते तो. 'दिवा असाच राहू दे, कारण...' आणि मला पुढचं येईना. येत होतं, पाठ होतं, लहानपणापासून पाठ होतं, पण घसा बंद झाला. जिभेवर शब्द होते आणि त्यांना बाहेर यायला वाट नव्हती. मी तोंड उघडं ठेवून बसले. मुलगा माझ्या ओठांकडे बघत होता. आता विंगेतून कुणी काही सांगणार नव्हतं. पंखा फिरत होता. तो बघत होता, वाट बघत होता, आणि त्याचा चेहरा मी पहिल्यांदाच इतका निवांत पाहत होते. त्याला ही जागा माहीत होती. इथं तो यापूर्वी कितीदा तरी येऊन गेला होता. त्याचा श्वास लांबला. मला बोलायचं होतं, बोलून त्याला परत बोलवायचं होतं. आणि मी त्याच्या बरगड्यांकडे बघितलं. वर, खाली. वर, खाली. बरगड्या काही विसरल्या नव्हत्या. मी गप्प राहिले. बऱ्याच वेळानं घसा जरासा सुटला तेव्हा मी एवढंच म्हटलं, 'मी येणारच होते, पण...' आणि थांबले. पुढचं वाक्य येईल या भरवशावर तो ते ऐकत ऐकतच झोपला.

दारानं काही गिळलं नव्हतं. ते एवढंच होतं. बाहेर मला ऐकू येत होतं ते तुकडे नव्हते, तेच सगळं होतं. दोन-चार शब्द द्यायचे आणि हात मागे घ्यायचा, बाकीचं त्याचं त्याला सापडायचं, आणि ते सापडायला जावं लागतं तिथं एकट्यानंच जावं लागतं. मी नाकाखाली बोट नेलं, आणि न लावताच मागे घेतलं. उद्या ताईंना सांगायचं. त्या आधी हसतील, खेळणी हलतील एवढं, आणि मग करतील.

दार लोटून मी बाहेर आले. घरात कुणी नव्हतं, नवरा यायला अवकाश होता, स्वयंपाकघरात उजेडाची एक पट्टी ओट्यावर शिल्लक होती. दाराशी स्टूल होतं. कुणी बसत नाही म्हणून त्याच्यावर आता छत्री आणि विजेची बिलं. मी त्याच्याकडे बघत राहिले आणि मला तिचं ते वर बघणं दिसलं, चष्म्यावरून. घरी जाऊन तरी... त्याच दिवशी नाही फक्त. बंद लावता लावता रोज काहीतरी. 'हल्ली बस अशी...' 'संध्याकाळचं घर म्हणजे...' मला वाटायचं ती दमलीय, वाक्यं पुरी करायचा कंटाळा येतो तिला. मला वाटायचं तिला तिचं घर हवं, तिच्या घराची किल्ली तिनं आयुष्यभर कमरेशी कशी मिरवली ते मला माहीत होतं, आणि तिला राहा म्हटलं तर ती अपमान समजेल. आणि माझ्या जिभेवर ते वाक्य रोज होतं. रोज लिफ्टचं दार लागेपर्यंत होतं. तिला ते माझ्या श्वासावरून कळत असणार. विसरली नाहीये, विचार करतेय. म्हणून तिसरा शब्द तिनं दिला नाही. थांबली.

मी छत्री आणि बिलं उचलून खाली ठेवली. स्टूल पुसलं. आत मुलगा झोपला होता आणि माझ्या आवाजानं उठेल अशी भीती वाटायला हवी होती, ती वाटली नाही. मी कुजबुजले नाही. शेवटच्या रांगेत बसलेल्या माणसाला ऐकू जावं अशा, अख्ख्या आवाजात मी म्हणाले, "आई, नको जाऊस. इथंच राहा, माझ्याजवळ."